डबल बासचा पिझो आणि वायरलेस: खर्ज न गमावता केबल कशी सोडायची

डबल बासला वायरलेस लावला आणि आवाजातला खर्जच गेला, ही तक्रार वादकांकडून वारंवार ऐकू येते. वरच्या दोन तारा ठीक वाजतात, बोटाचा ‘टक्’ असा आघात तर नको इतका ऐकू येतो, पण मोकळी ई तार छेडली की पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारल्यासारखं काहीतरी बाहेर पडतं. मग सगळा दोष वायरलेसच्या माथी. स्वस्तातला आहे, डिजिटल आहे, आवाज दाबतो, वगैरे. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. रेडिओ आपलं काम चोख करत असतो. खर्ज गळतो तो त्याच्या दारात पोचण्याआधीच, पिकअप (वाद्याची कंपनं विजेत बदलणारा तुकडा) आणि ट्रान्समीटर (तो सिग्नल रेडिओने रिसीव्हरकडे पाठवणारी डबी) यांच्यामधल्या वीतभर वायरीत. म्हणून या लेखातला निम्मा मजकूर त्या वीतभर जागेबद्दल आहे. फ्रीक्वेन्सी, चॅनेल, अँटेना हे सगळं नंतर.

पिझोला काय लागतं

पिझोचा तुकडा दाबला गेला की त्याच्या दोन बाजूंवर विद्युतभार जमतो. पिकअप घोडीच्या पंखाच्या फटीत खोचलेला असो, घोडीच्या पायाखाली सरकवलेला असो किंवा घोडीची उंची बदलणाऱ्या चाकात बसवलेला असो, विजेच्या हिशेबाने तो एक छोटासा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग असतो. इलेक्ट्रिक गिटारचा चुंबकी पिकअप म्हणजे तारेचं वेटोळं, आणि दोघांचे स्वभाव नेमके उलटे. चुंबकी पिकअपला कमी इम्पीडन्सचं (कमी विद्युत रोधाचं) इनपुट दिलं तर त्याची वरची चमक मरते. पिझोला तेच इनपुट दिलं तर खालचा भाग मरतो. बाजारातले बहुतेक वाद्यांचे वायरलेस संच इलेक्ट्रिक गिटार डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. गोम इथे आहे.

पिकअपचा कपॅसिटन्स (भार साठवायची क्षमता) आणि समोरच्या इनपुटचा रोध मिळून एक हाय-पास फिल्टर, म्हणजे एका सीमेखालचा आवाज कापणारी चाळणी तयार होते. तिची सीमा काढायचं सूत्र तोंडपाठ करण्याइतकं सोपं आहे: १५९ ला मेगाओम आणि नॅनोफॅरड यांच्या गुणाकाराने भागा, उत्तर हर्ट्झमध्ये मिळतं. त्या फ्रीक्वेन्सीला आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो आणि त्याखाली दर सप्तकाला सुमारे ६ डेसिबलने उतरत जातो.

आता बासच्या मोकळ्या तारा पाहू. ई ४१.२ हर्ट्झ, ए ५५, डी ७३.४, जी ९८. सी एक्स्टेंशन (ई तार खाली सी पर्यंत नेणारी जोड) असेल तर तळ ३२.७ हर्ट्झपर्यंत जातो. समजा पिकअप ३ नॅनोफॅरडचा आहे आणि ट्रान्समीटरचं इनपुट १ मेगाओमचं. सीमा आली ५३ हर्ट्झ, म्हणजे ई तारेचा मूळ सूर ४ डेसिबलहून थोडा जास्त उतरला. कानाला कळेल, पण सोसवेल. पिकअप दीड नॅनोफॅरडचा असेल तर सीमा १०६ हर्ट्झवर जाते आणि मोकळी ई जवळपास ९ डेसिबलने खाली येते. इथे वादक कपाळाला हात लावतो. तेच इनपुट १० मेगाओमचं असेल तर ३ नॅनोफॅरडच्या पिकअपची सीमा ५ हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे चिंता मिटली. आणि चुकून लाइन इनपुट किंवा माइकचं इनपुट वापरलं गेलं, जिथे रोध काही हजार ओम ते काही दहा हजार ओम असतो, तर खर्ज सोडाच, मधला पट्टाही हातचा जातो.

आधी मोजा, मग खरेदी करा

मल्टिमीटरवर कपॅसिटन्स मोजायची सोय असेल (हल्ली साध्या मीटरवरही असते) तर पाच मिनिटांचं काम आहे. पिकअपच्या जॅकमध्ये रिकामी पिन घाला, वरची टोपी काढून ठेवा, मीटरचं एक टोक पिनेच्या टोकाच्या जोडणीला आणि दुसरं बाहेरच्या आवरणाच्या जोडणीला लावा. बास आडवा ठेवा आणि तारांवर जाडसर कापड टाका. वाद्य जरा जरी थरथरलं तरी पिझो स्वतःच व्होल्टेज तयार करतो आणि आकडा नाचत राहतो. दोन्ही टोकं बोटांनी धरू नका. आकडा स्थिर झाला की लिहून ठेवा. पिकअपला कायमची जोडलेली वायर असेल तर तिचा कपॅसिटन्स यात आपोआप धरला जातो, आणि तसाच तो धरायला हवा.

ही मोजणी पॅसिव्ह पिकअपपुरतीच. ज्याच्या आत किंवा वाद्यावरच प्रीॲम्प (सिग्नल सावरणारं, वाढवणारं छोटं सर्किट) बसवलेला आहे, त्याचा जॅक मोजून काही कळणार नाही. तसल्या पिकअपला पुढचा बफरचा (पिझोला उच्च इम्पीडन्सचं इनपुट देणाऱ्या छोट्या सर्किटचा) भाग लागूही होत नाही, त्यांनी थेट ट्रान्समीटर निवडण्याकडे वळावं.

आकडा मिळाला की वरचं सूत्र लावा. पितळी पत्र्यावरच्या गोल चकतीच्या पिझोंचा कपॅसिटन्स बराच मोठा असतो. २७ मिलिमीटरची चकती साधारण २० नॅनोफॅरडच्या घरात भरते. दोन चकत्या समांतर जोडल्या की बेरीज होते. असा पिकअप १ मेगाओमच्या ट्रान्समीटरला थेट जोडला तरी सीमा १० हर्ट्झच्या खालीच राहते. त्याच्यासाठी वेगळा बफर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. याउलट पातळ फिल्मच्या किंवा अगदी छोट्या स्फटिकाच्या पिकअपचा आकडा एक-दोन नॅनोफॅरडवर थांबू शकतो, तिथे बफरला पर्याय नाही. ‘पिझो आहे म्हणजे १० मेगाओम हवंच’ असं सरसकट सांगणारे सल्ले मला म्हणूनच अर्धवट वाटतात. तुमच्या पिकअपचा आकडा काय, यावर सगळं ठरतं.

सीमा ४०-५० हर्ट्झच्या आसपास आली तर ऐकून ठरवा. मोठ्या स्पीकरवर, घुमणाऱ्या सभागृहात बासचा अगदी तळाचा भाग कापलेला बराही वाटतो. ध्वनितंत्रज्ञ तो बऱ्याचदा स्वतःच कापतात. फक्त तो कापायचा की नाही हे एखाद्या बटणाने आपण ठरवावं, ट्रान्समीटरने परस्पर ठरवू नये.

बफरची जागा: ट्रान्समीटरच्या आधी

बहुतेकांची गाडी इथेच अडते. ‘माझ्या ॲम्पचं इनपुट १० मेगाओमचं आहे, पायाशी पिझोसाठीचा चांगला प्रीॲम्पही आहे, मग अडचण कसली?’ अडचण अशी की वायरलेस लावल्यावर पिकअपला तो ॲम्प दिसतच नाही. पिकअपला दिसतं फक्त ट्रान्समीटरचं इनपुट. रिसीव्हरच्या पुढे जी काही उपकरणं आहेत ती रिसीव्हरच्या कमी इम्पीडन्सच्या आउटपुटला जोडलेली आहेत, पिझोशी त्यांचा काडीचा संबंध उरलेला नाही. गेलेला खर्ज पुढच्या ईक्यूवर (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या बटणांवर) वाढवायला गेलात तर त्याच्यासोबत रेडिओची खरखर आणि मंचाची धडधडही वाढते.

त्यामुळे क्रम एकच: पिकअप, मग बफर किंवा प्रीॲम्प, मग ट्रान्समीटर. हा प्रीॲम्प बॅटरीवर चालणारा आणि बासवर बांधता येण्याइतका लहान हवा. ४८ व्होल्टच्या फँटमवरच (मिक्सरकडून माइकच्या केबलमधून येणाऱ्या विजेवरच) चालणारे डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य मिक्सरला जोडायच्या डब्या, इथे बाद होतात, कारण ट्रान्समीटर त्यांना फँटम देऊ शकत नाही. एल. आर. बॅग्जच्या पॅरा डीआयसारखा १० मेगाओम इनपुटचा आणि ९ व्होल्टवर चालणारा बॉक्स तत्त्वतः चालतो, पण तो बासवर लटकवायला जड आणि ओबडधोबड. कमरेला अडकवायच्या क्लिपचे छोटे प्रीॲम्प मिळतात, ते जास्त सोयीचे. ईक्यू, नॉच (एकच अरुंद पट्टा कापणारा फिल्टर), कंप्रेशन असल्या गोष्टी इथे नसल्या तरी बिघडत नाही. त्या रिसीव्हरनंतर पायाशी ठेवा, तिथे हातही पोचतो. बासवर फक्त इम्पीडन्स सांभाळणारा बफर पुरे.

हातात सोल्डरिंग आयर्न धरायची सवय असेल तर हा बफर घरी बनतो. एक जेफेट (एका प्रकारचा ट्रान्झिस्टर) सोर्स फॉलोअर म्हणून जोडायचा. ९ व्होल्टचे दोन समान भाग करण्यासाठी १ मेगाओमचे दोन रेझिस्टर, त्यांच्या मध्यबिंदूपासून गेटपर्यंत १० मेगाओमचा रेझिस्टर, सोर्सपासून जमिनीला (सर्किटच्या ग्राउंडला) १० किलोओम, आणि बाहेर पडताना १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मध्यबिंदूपासून जमिनीला आणखी एक कपॅसिटर टाकला की बॅटरीतून येणारी खरखर अडते. अर्धा मिलिॲम्पिअरच्या आसपास करंट लागतो, त्यामुळे एक ९ व्होल्टची बॅटरी शेकडो तास जाते. डबी धातूचीच घ्या आणि ती जमिनीच्या टोकाला जोडा. प्लॅस्टिकच्या डबीत हाच बफर रेडिओच्या शेजारी ठेवला तर किणकिण ऐकू येईल. तिचं कारण शेवटी तक्रारींमध्ये येतंच आहे.

पिकअप ते बफर ही वायर जितकी आखूड तितकी बरी, फार तर ३० ते ५० सेंटिमीटर. उच्च इम्पीडन्सची वायर वाकली, घासली, आपटली की स्वतःच आवाज करते. ती टेलपीसला (तारांची खालची टोकं धरणाऱ्या तुकड्याला) दोन ठिकाणी बांधून टाका म्हणजे हलणार नाही. बफरच्या पुढची वायर मात्र निवांत, तिथे इम्पीडन्स कमी असतो.

ट्रान्समीटर निवडताना

जाहिरातीतलं पहिलं पान सोडून तांत्रिक माहितीच्या तक्त्यावर जा. तिथे तीन गोष्टी शोधा.

पहिली, वाद्याच्या इनपुटचा इम्पीडन्स. कमरेला लावायच्या चांगल्या ट्रान्समीटरमध्ये तो साधारण १ मेगाओम असतो. दुसरी, फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा खालचा आकडा. काही ट्रान्समीटरमध्ये माइकसाठीची वाट ८० हर्ट्झला कापलेली असते आणि वाद्याची वाट त्याहून बरीच खाली जाते. त्यामुळे एकच डबी चुकीच्या केबलने जोडली तर बास अर्धाच ऐकू येतो. कंपनीची वाद्यासाठी असलेली केबलच वापरा. कॉलर माइकच्या केबलमध्ये माइकला वीज देणारी पिन जोडलेली असते, तिचं आपल्याकडे काही काम नाही. शूर कंपनीच्या ट्रान्समीटरवर चार पिनांचा छोटा जॅक येतो, तिथे हा फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. केबलवरचा मॉडेल क्रमांक वाचूनच घ्यावी.

तिसरी गोष्ट, केबलच्या आवाजाची नक्कल. गिटारवादकांना लांब केबलमुळे मऊ झालेल्या आवाजाची सवय असते, म्हणून काही संच तो मऊपणा मुद्दाम घालतात. पिझोच्या बाबतीत हे तंत्र मुळातच गैरलागू आहे. पिझो स्वतः कपॅसिटर असल्यामुळे लांब केबल त्याचा वरचा भाग कापत नाही, पूर्ण आवाजच थोडा खाली आणते. केबलच्या दर मीटर लांबीला १०० पिकोफॅरड धरले तर ६ मीटर केबलने ३ नॅनोफॅरडच्या पिकअपची पातळी दीड डेसिबलच्या आसपास उतरते, बस्स. तेव्हा ही नक्कल बंद करता येते का ते बघा. बॉस कंपनीच्या छोट्या वायरलेसचे दोन प्रकार आहेत: डब्ल्यूएल-२० मध्ये ती नक्कल आहे, डब्ल्यूएल-२० एल मध्ये नाही. बासवाल्याने दुसरा घ्यावा.

जुने ॲनालॉग यूएचएफ (काहीशे मेगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यातले) संच आवाज पाठवताना दाबतात आणि पोचल्यावर पसरतात. गिटारला ते खपून जातं. पण बासचा सूर जसा विरत जातो तशी मागची खरखर वरखाली होताना ऐकू येते, विशेषतः एकट्याने वाजवताना. डिजिटल संचात हा प्रकार नसतो.

२.४ गिगाहर्ट्झ की यूएचएफ, या प्रश्नावर माझं मत सरळ आहे. छोटा मंच, एक-दोन वायरलेस, रिसीव्हर दहा मीटरच्या आत असेल तर २.४ गिगाहर्ट्झ पुरे. हा पट्टा जवळपास सगळीकडे परवान्याशिवाय वापरता येतो. मोठं नाट्यगृह, वीस-पंचवीस माइक, प्रेक्षकांचे शेकडो फोन असतील तर चांगला यूएचएफ संच आणि फ्रीक्वेन्सी ठरवून देणारा जाणता माणूस, दोन्ही हवेत. यूएचएफचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि बदलतही राहतात. जुना संच विकत घेण्याआधी त्याचा पट्टा आपल्याकडे अजून खुला आहे का, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

बासवर कुठे बांधायचा

गिटारवाला ट्रान्समीटर पट्ट्याला लावतो आणि विसरून जातो. बासवाल्याने तो कमरेला लावला तर वादक आणि वाद्य यांच्यात पुन्हा एक वायर आलीच. मध्यंतरात बास आडवा ठेवून तुम्ही वळलात की पिकअपचा जॅक हिसडा खातो. बास फिरवून वाजवणाऱ्यांना तर कमरेला लावणं शक्यच नाही. ट्रान्समीटर वाद्यावरच हवा.

टेलपीस ही सगळ्यात सोयीची जागा. मात्र टेलपीस हा आवाजाचा भाग आहे हे विसरू नका. त्याचं वजन वाढलं की त्याची स्वतःची कंपनं सरकतात आणि त्यासोबत एखादा वुल्फ सूर (वाद्याच्या अनुनादामुळे गुरगुरणारा, न टिकणारा सूर) जागा बदलतो किंवा नव्याने उपटतो. दोन पेन्सिल सेलचा ट्रान्समीटर आणि धातूची बफरची डबी मिळून वजन सहज दोनशे ग्रॅमच्या वर जातं. बांधून झालं की गजाने प्रत्येक तारेवर अर्धस्वराच्या पायरीने, सावकाश, तळापासून वर जा. कुठे सूर गुरगुरतो, कुठे अचानक दबतो ते ऐका. त्याच फेरीत खडखडही सापडते. क्लिपचं टोक लाकडाला हलकेच टेकलेलं असेल तर एखाद-दुसऱ्याच सुरावर मधमाशीसारखं ‘झिंझिं’ येतं आणि बाकी सगळीकडे शांतता असते. पातळ फेल्टचा तुकडा मध्ये सरकवला की ते थांबतं. ट्रान्समीटर टेलपीसच्या घोडीकडच्या टोकाऐवजी खालच्या टोकाकडे सरकवून पाहिला तरी बराच फरक पडतो. घोडी आणि टेलपीस यांच्यामधल्या तारांवर मात्र काहीही लटकवू नका. तिथे थोडंसं वजनही आवाज बदलतं, आणि काही वादक वुल्फ मारण्यासाठी हेच मुद्दाम करतात.

टेलपीसवर नको असेल तर एन्डपिनच्या दांड्यावर, वाद्याच्या अगदी खाली पट्ट्याने बांधा. आवाजावर तिथे फारसा परिणाम होत नाही. तोटा इतकाच की अँटेना जमिनीजवळ आणि धातूच्या दांड्याला चिकटून येते, त्यामुळे पल्ला कमी होतो. छोट्या मंचावर चालून जातं.

बांधायला गुंडाळता येणारा वेल्क्रोचा पट्टा घ्या. चिकट पाठीचा वेल्क्रो वार्निशवर लावला तर काढताना वार्निशही निघून येतं. लोंबणारी अँटेना असलेला ट्रान्समीटर असेल तर ती मोकळी सोडा. तारांना, टेलपीसच्या जाड वायरीला किंवा एन्डपिनला टेकली की तिची ताकद जाते. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची असते, त्यामुळे दोन बोटं इकडेतिकडे केल्यानेही फरक पडतो. माणसाचं शरीर हे सिग्नल चांगलंच शोषतं, लाकूड फारसं नाही. म्हणजे ट्रान्समीटर बासच्या पुढच्या अंगाला असेल आणि रिसीव्हर तुमच्या समोरच्या बाजूला, तर बास अडथळा होत नाही. रिसीव्हर तुमच्या पाठीमागे असेल तर मात्र अडथळा तुम्ही स्वतःच. कार्बन फायबरचा बास असेल तर लाकडाचा हा नियम विसरा, तो सिग्नल अडवतो.

जॅकमध्ये थेट खोचायचे छोटे ट्रान्समीटर दिसायला सुटसुटीत. पण पॅसिव्ह पिझोला ते थेट लावले तर वरचा सगळा हिशेब पुन्हा लागू होतो, आणि टेलपीसला लटकलेल्या जॅकमधून ते दांडीसारखे बाहेर आलेले असतात. बफरच्या आउटपुटला, काटकोनी जोडणीने लावलेले बरे.

गेन

पिझोचा आघात फार तीव्र असतो. हातात मऊ वाटणारं पिझिकातोही (बोटाने तार छेडणंही) मीटरवर क्षणभर उंच उडी घेतं, स्लॅप वाजवणाऱ्यांचं तर विचारू नका. ट्रान्समीटरचा गेन अगदी कमी करा. मंचावर जितक्या जोरात वाजवाल त्याहून थोडं जोरात वाजवा आणि लाल दिवा लागेपर्यंत गेन वाढवा. मग तिथून ६ डेसिबल खाली या. गजानेही तपासा: काही पिकअपवर गज पिझिकातोपेक्षा जोरात येतो, काहींवर अगदी उलट. गेन सगळ्यात कमी करूनही लाल दिवा लागत असेल तर ट्रान्समीटरचा पॅड (इनपुटची पातळी कमी करणारा स्विच) चालू करा, आणि पॅडच नसेल तर बफरच्या पुढे आवाज कमी करायची सोय हवी. बफरच्या आधी व्हॉल्यूमचा पॉट लावू नका, त्याने इम्पीडन्सवर पाणी पडेल.

यानंतर रिसीव्हरचा आउटपुट असा लावा की लांब केबलने थेट जोडल्यावर ॲम्पमधून जितका आवाज येतो तितकाच वायरलेसमधून यावा. हे घरी एकदाच करा आणि बटणाच्या जागेवर खूण करून ठेवा.

रिसीव्हर, चॅनेल आणि चालून बघणं

रिसीव्हर ॲम्पच्या मागे, रॅकच्या तळाशी किंवा वायफाय राउटरच्या शेजारी ठेवायचा नाही. कमरेच्या वर, तुमच्याकडे सरळ नजर जाईल असा, दोन अँटेना असतील तर एकमेकींना काटकोनात. ट्रान्समीटरच्या अगदी जवळही नको, दोन-तीन मीटर अंतर असू द्या.

चॅनेल शोधताना आपला ट्रान्समीटर बंद आणि सभागृहातलं बाकी सगळं चालू, वायफायसकट. मग ट्रान्समीटर लावा आणि वाजवत मंचभर फिरा, वळा, पाठ फिरवा. रिकाम्या सभागृहात सुरळीत चाललेला संच प्रेक्षक भरल्यावर अडखळू शकतो, कारण माणसं सिग्नल शोषतात आणि प्रत्येकाच्या खिशात एक रेडिओ असतो. म्हणून रिसीव्हर प्रेक्षकांच्या पलीकडे, मिक्सरपाशी न ठेवता मंचावरच ठेवावा आणि तिथून पुढे केबल न्यावी.

या फेरीचा एक फायदा क्वचितच कोणी घेतं. बास घेऊन थेट प्रेक्षकांच्या मधोमध जा आणि स्वतःचा आवाज तिथून ऐका. मंचावर बासवादकाला आपला आवाज नेहमीच खोटा ऐकू येतो. जवळ फक्त बोटांचा आघात, आणि घुमारा सगळा दूर सभागृहात. केबल सोडायचं माझ्या लेखी सगळ्यात सबळ कारण हेच, मंचावरची उड्याउडी नव्हे.

उशीर, आणि सोबत माइक असेल तर

डिजिटल वायरलेस आवाज थोडा उशिरा पोचवतो. चांगल्या संचात दोन-तीन मिलिसेकंद, इतरांत पाच-सहा. आवाज हवेतून एक मीटर जायलाच सुमारे तीन मिलिसेकंद घेतो, त्यामुळे एकट्या वायरलेसचा उशीर म्हणजे ॲम्प मीटर-दोन मीटर मागे सरकवणं. हाताला कळत नाही. त्यात डिजिटल मिक्सर आणि कानातला मॉनिटर यांची भर पडली आणि एकूण दहाच्या वर गेलं, तर काही वादकांना खटकायला लागतं.

खरा घोटाळा होतो तो पिकअप वायरलेसने आणि माइक केबलने गेला तर. एकच सूर दोन वाटांनी, वेगवेगळ्या वेळी पोचतो. दोन्हींत ४ मिलिसेकंदांचा फरक राहिला आणि दोन्ही सारख्या पातळीवर मिसळले, तर १२५, ३७५, ६२५ हर्ट्झ अशा ठिकाणी आवाज एकमेकाला खाऊन टाकतो. १२५ हर्ट्झच्या अगदी जवळ आहे जी तारेवर चार अर्धस्वर वर वाजणारा बी. तुम्ही वर चढत जाता आणि नेमका तो सूर पायाखालची फळी निसटावी तसा नाहीसा होतो. पोलॅरिटी उलटी केली की खड्डे २५० आणि ५०० वर सरकतात आणि तळही पातळ होतो, म्हणजे तेही उत्तर नव्हे.

उत्तरं दोन. माइकच्या चॅनेलला मिक्सरवर उशीर द्या. वायरलेसचा उशीर ४ मिलिसेकंद असेल आणि माइक घोडीपासून २० सेंटिमीटरवर असेल, तर हवेतले ०.६ वजा करून साधारण ३.४. नंतर कानाने पुढेमागे करा. बरोबर जागा आली की आवाज एकदम भरतो. किंवा माइक आणि पिकअप दोन्ही वाद्यावरच मिसळणारा प्रीॲम्प घ्या आणि एकाच ट्रान्समीटरने पाठवा. दुसरी वाट खर्चिक आहे आणि वजनही वाढवते. मिक्सर डिजिटल असेल तर मी पहिलीच सुचवीन.

तक्रारी आणि त्यांची मुळं

किणकिण किंवा बारीक टिकटिक येते आणि ट्रान्समीटर हलवला की बदलते: डिजिटल ट्रान्समीटर सलग न पाठवता तुकड्यातुकड्यांनी पाठवतो आणि उच्च इम्पीडन्सची उघडी वायर ते तुकडे पकडते. ट्रान्समीटर पिकअपच्या वायरीपासून दूर न्या, बफरची डबी धातूची करा, बफर ते ट्रान्समीटर वायरीवर फेराइटची कडी चढवून पाहा.

गुणगुण येते: वायरलेसमध्ये ॲम्पपर्यंत जाणारी जमिनीची तार नसल्यामुळे ग्राउंड लूपची गुणगुण वाद्याच्या बाजूने येऊच शकत नाही. पिकअपला हात लावल्यावर ती कमी-जास्त होत असेल तर पिकअपचं आवरणच कमकुवत आहे. हात लावून काहीच बदलत नसेल तर रिसीव्हरच्या पुढची जोडणी तपासा.

आवाज हळूहळू फाटायला लागतो, पण ट्रान्समीटरची बॅटरी भरलेली दिसते: बहुधा बफरची ९ व्होल्टची बॅटरी गेली. ती अचानक बंद पडत नाही, आधी आवाज चिरफाळतो. ट्रान्समीटरचा मीटरही फसवतो: रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे आणि अल्कलाइन दीडचे, त्यामुळे सेलचा प्रकार सेटिंगमध्ये निवडला नसेल तर दाखवलेले तास खोटे निघतात. बफर चालू-बंद करणारा स्विच जॅकमध्येच असेल तर वाजवून झाल्यावर पिन काढून ठेवा, नाहीतर रात्रभर बॅटरी जळत राहते.

पिन काढताना मोठा ‘धप्प’ आवाज होतो: आधी रिसीव्हर किंवा चॅनेल म्यूट, मग ट्रान्समीटर बंद, मग पिन. ट्यूनर रिसीव्हरनंतर लावला तर त्याचंच बटण म्यूटचं काम करतं.

फीडबॅक आधी नव्हता, आता एका कोपऱ्यात येतो: केबलने तुम्हाला एका जागी बांधून ठेवलं होतं, आता तुम्ही स्पीकरच्या तोंडाशी जाऊन उभे राहू शकता. रिसीव्हरनंतरच्या प्रीॲम्पवर हाय-पास ४० हर्ट्झच्या आसपास लावा, ज्या सुरावर घुमतं तिथे नॉच द्या, आणि सराव फेरीत कुठे उभं राहायचं नाही ते ठरवून ठेवा.

मध्येच सिग्नल तुटतो आणि कार्यक्रम तर चालू आहे: ट्रान्समीटरमधून बफरची वायर काढा आणि पिशवीतली लांब केबल जोडणी लावून ॲम्पच्या त्याच इनपुटला न्या. पातळी घरीच जुळवून ठेवलेली असेल तर ॲम्पच्या बटणाला हातही लावावा लागत नाही.